ज्वारीचा वाण निवडताना कडबाही तोला

लातूर-नांदेडच्या शिवारात भाद्रपदात फेरफटका मारला, तर नजर पोहोचेल तिथवर सोयाबीन दिसते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी याच दिवसांत येथे खरिपाची ज्वारी डोलत असे. ती गेली, याचे खापर आपण सहसा सोयाबीनच्या भावावर फोडतो. भाव हे कारण आहेच. पण ज्वारीचे वाण निवडताना कोणता गुण मोलाचा मानला गेला, हेही तपासले पाहिजे.

1964 साली सी.एस.एच.-1 हे देशातील पहिले संकरित ज्वारीचे वाण आले. त्याची मादी अमेरिकेतून आणलेली, आणि तिच्यातील नरवंध्यत्व मिलो जातीकडून आलेले. (बहात्तरच्या दुष्काळात ज्यांनी लाल मिलोच्या भाकरी नाक मुरडत खाल्ल्या, त्यांना ही भावकी क्वचितच ठाऊक असेल!) त्या काळी देश धान्यासाठी परदेशी जहाजांच्या वाटेकडे डोळे लावून बसला होता. अशा वेळी ज्या शास्त्रज्ञांनी दाण्याचे वजन आधी पाहिले, त्यांना आज दोष देणे कृतघ्नपणाचे ठरेल. उत्पन्न वाढले आणि अनेक घरांतील चूल त्यामुळे पेटली.

परंतु एका गुणाची निवड करताना दुसरे गुण नकळत बदलतात. जुने गावठी वाण दिवस लहान होऊ लागल्यावरच निसवत. त्यामुळे पाऊस ओसरल्यावर दाणा भरे. नवे वाण ठेंगणे, खत पचवून न लोळणारे आणि शंभर-एकशे दहा दिवसांत पिकणारे. म्हणजे नेमके परतीच्या पावसात सापडणारे! कणसावर बुरशी चढे, दाणा काळा पडे. काळ्या ज्वारीला अडतीवर भाव नाही, तिच्या भाकरीला चव नाही, आणि आखूड ताटांचा कडबाही बेताचाच. शेतकऱ्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि सोयाबीन पेरले.

रब्बीत मात्र उलटे घडले. 1930च्या दशकात मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम 35-1 हा वाण आजही रानात टिकून आहे. प्रयोगक्षेत्रावर त्याहून जास्त दाणा देणारे संकरित वाण येऊन गेले, पण त्याला हटवू शकले नाहीत. जमिनीतल्या ओलीवर तग धरणे, टपोरा मोतिया दाणा, मऊ भाकरी आणि उंच, गोड कडबा हे सारे त्यात एकत्र आहे. केवळ दाणे मोजणाऱ्या तराजूला हे वजन कळत नाही.

हा प्रश्न गोठ्याचाही आहे. देवणी ही लातूरची आणि लाल कंधारी ही नांदेडची. या दोन्ही गोवंशांचा अभिमान आपण व्यासपीठावरून सांगतो. पण त्यांच्या दावणीला उन्हाळ्यात काय टाकायचे, याची चर्चा तेथे होत नाही. सोयाबीनच्या भुसकटाने बैलाचे पोट कडब्यासारखे भरत नाही. कडबा संपला की बैल बाजाराची वाट धरतो.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने या दिशेने पावले टाकली आहेत, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. खरिपातील बुरशीला दाद न देणारी 'परभणी श्वेता', रब्बीसाठी दाणा आणि कडबा दोन्ही देणारी 'परभणी मोती', आणि 2018 साली आलेली, लोह व जस्त अधिक असलेली 'परभणी शक्ती' ही त्याची उदाहरणे. 'शक्ती'मध्ये किलोमागे सुमारे 45 मिलिग्रॅम लोह असते. ज्या घरातील सुनेला रक्तक्षयाच्या गोळ्या चालू आहेत, तेथे या आकड्याचे मोल कळेल.

तेव्हा कृषी विज्ञान केंद्राच्या शिवारफेरीला आपले कार्यकर्ते जातील, तेव्हा त्यांनी प्रात्यक्षिकाच्या फलकावर एकरी क्विंटलखेरीज कडब्याच्या पेंढ्यांचा आकडा आहे का, हे पाहावे. नसेल तर तो मागावा. आणि त्या वाणाचे दोन किलो पीठ घरी आणून भाकरी थापणाऱ्या हातांचे मतही घ्यावे.