चिपळूणचे उलटे पाणी

आमच्या देवळाली कॅम्पाजवळची दारणा जवळच्या पश्चिम समुद्राकडे पाठ फिरवून गोदावरीला मिळते. चिपळूणची तऱ्हा निराळी! कृष्णेकडे निघालेले कोयनेचे पाणी १९६२ पासून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीस उतरवतात. वीज करून झाली, की तेच पाणी वाशिष्ठीतून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला जाते.

पण चिपळूणपर्यंत भरतीही चढते. वर मुसळधार पाऊस आणि खाली भरती अशी गाठ पडली, तर पाण्याने जावे कुठे? २२ जुलै २०२१ ला बाजारपेठ बुडाली. १८६४ सालच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिरात २००५ प्रमाणेच पुन्हा पाणी शिरले. हळहळ वाटते ती पुस्तकांची!

आमच्या चिपळूणच्या मावशींनी तेव्हा तांदळाचे डबे माळ्यावर चढवले, वाचकहो. ते अद्याप खाली उतरलेले नाहीत.