पावती नसलेले डोनेशन बंद करा!

बेंगळुरूतील तमाम मराठी बंधू-भगिनींनो,

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या गल्ल्यांतून एजंट फिरू लागतात. यंदा तर हद्द झाली. चिक्कपेटेत शिलाईवर घर चालवणाऱ्या आपल्याच एका माणसाने बायकोच्या पाटल्या विकून पोराच्या सीटसाठी रोकड मोजली. पावती नाही, ब्रँच भलतीच, एजंटाचा फोन बंद. जून २०२५ मध्ये सीट अडवून नंतर विकण्याच्या, म्हणजे सीट ब्लॉकिंगच्या प्रकरणात ईडीने याच शहरात छापे घातले होते. पेपर वाचूनही आपण शहाणे होत नाही!

एजंट हवाच कशाला? सरकारी कॉलेजे आहेत की! विश्वेश्वरय्या शिकवण्या करून सेंट्रल कॉलेजात शिकले, म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्यात इंजिनिअर झाले आणि खडकवासल्याला स्वयंचलित दारे बसवून गेले. पुढे म्हैसूरचे दिवाण असताना १९१७ साली त्यांनी इथे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज काढले. तेच आजचे के. आर. सर्कलचे यूव्हीसीई. श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकही १९४३ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले. ‘कागज के फूल’चे छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती तिथेच कॅमेरा शिकले, ‘अर्धसत्य’चे दिग्दर्शक गोविंद निहलानीही. राजाजीनगरच्या सरकारी टूल रूममध्ये, म्हणजे जीटीटीसीत, टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा करणारा मुलगा तीन वर्षे यंत्रांवर हात बसवतो आणि चौथे वर्ष थेट कारखान्यात काढतो. अशा पोराला नोकरीसाठी कुणाचे पाय धरावे लागत नाहीत.

“सरकारी कॉलेजात कोण जातं?” म्हणे. मूर्ती गेले, निहलानी गेले. आपले चिरंजीव त्यांच्याहून मोठे लागून गेले का? “डिप्लोमा म्हणजे पुढची दारे बंद” हेही खोटे. डीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन डिप्लोमावाला थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात बसतो. इमारती जुन्या आहेत, शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहतात, हे खरे. मग त्या भरून घ्यायला भांडा! लग्नाच्या हॉलसाठी कर्ज काढणाऱ्यांनी वर्कशॉपच्या गळक्या छपराबद्दल कधी एक अर्ज तरी केला आहे का?

आता लगेच करायचे:

१. जात व उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून आजच काढा. शेवटच्या दिवशी सर्व्हर बसतो.
२. सीईटीच्या सरकारी सीटसाठी बहुतेकांना कर्नाटकातील सात वर्षांच्या शिक्षणाचे दाखले लागतात. शाळा बदलली असेल तर प्रत्येक शाळेतून आणा.
३. पसंतीक्रम भरताना सरकारी कॉलेजे वर ठेवा. एजंटाला पासवर्ड देऊ नका.
४. शिष्यवृत्तीचा अर्ज एसएसपी पोर्टलवर वेळेत भरा. मुलींचाही!
५. एजंट दारात आला तर पावती मागा. आपोआप निघून जाईल.

आपल्या मराठी मंडळाचे कार्यकर्ते दर रविवारी सकाळी फॉर्म भरून देतात. एक पैसा घेत नाहीत, चहासुद्धा मंडळाचा. डिप्लोमा करून नोकरीला लागलेली आपलीच मुले त्यांच्यासोबत बसतात, त्यांना हवे ते विचारा. गणपतीच्या वर्गणीला दारोदार फिरणारे हे मंडळ प्रवेशासाठीही फिरेल, पण कागद तुम्हालाच आणायचे आहेत. या रविवारी मुलांना घेऊन या, शेजाऱ्यालाही आणा. पाटल्या घरातच राहू द्या.

आपली,
शिक्षण समिती