खेळून पोट भरते का?

दिवाळीची सुट्टी लागली, की आवारातल्या दोन खांबांना दोरी बांधली जाते आणि माळ्यावरच्या रॅकेटी खाली उतरतात. पुस्तकात ज्याला शटलकॉक म्हणतात आणि आपली मुले सरळ 'फूल' म्हणतात, ते दिवसातून चारदा तरी कोणाच्या ना कोणाच्या सज्जावर जाऊन बसते. इथवर सर्वांनाच मौज वाटते. पण पुढे घरातली एखादी कन्या किंवा चिरंजीव जिल्ह्याचा चषक घेऊन येतात, दहावीचे वर्ष तोंडावर असते आणि जेवताजेवता हळूच शब्द बाहेर पडतात, "मला हेच करायचे आहे." आजी म्हणते, "करू दे की!" आई भाताचे भांडे पुढे सरकवते. आणि वडील तो पिढीजात प्रश्न टाकतात : खेळून पोट भरते का?

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आज एका अशा माणसाच्या चरित्रात शोधू, ज्याने सारा जन्म या खेळाला वाहिला. आणि तरीही २०२५ च्या फेब्रुवारीत ज्याने आईबापांना उघड सांगितले, की घरची श्रीमंती किंवा घरचा धंदा पाठीशी नसेल, तर मुलांना खेळाच्या मार्गाला लावू नका. हे गृहस्थ म्हणजे पुल्लेला गोपीचंद.

तसा बॅडमिंटन आपल्याला परका नाही. पुण्याच्या छावणीतले गोरे अधिकारी हा खेळ खेळत, तेव्हा त्याचे एक नाव 'पूना' असेच होते. पुढे १९३३ साली सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरला स्पर्धा जिंकली आणि परदेशात अशी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. पण तो काळ हौशी खेळाडूंचा. बक्षिसाच्या पैशावर संसार करणे तेव्हाच्या नियमांतच बसत नव्हते. प्रकाश पदुकोण १९८० साली ऑल इंग्लंड जिंकले, तेही बँकेतली नोकरी सांभाळूनच इथवर आले होते. त्यानंतर ते डेन्मार्कला जाऊन तिथल्या क्लबकडून खेळू लागले. खेळ हाच पेशा असू शकतो, हे आपल्याकडे लोकांना दिसले ते तेव्हापासून.

गोपीचंदांचा जन्म १९७३ चा, आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यातला. वाढले हैदराबादेत. आधी ओढ क्रिकेटची. बॅडमिंटनकडे वळवले ते थोरल्या भावाने. दोघे भाऊ खेळत. थोरल्याने आय. आय. टी. ची परीक्षा दिली, तो पास झाला आणि त्याचा खेळ सुटला. धाकट्याने इंजिनियरिंगची प्रवेशपरीक्षा दिली, तो नापास झाला आणि म्हणून खेळत राहिला! ही हकिकत गोपीचंद स्वतःच सांगतात आणि अभ्यासात हुशार नव्हतो हे आपले नशीबच, असे हसून म्हणतात. आपल्या घरांतून त्या दिवशी कोणाच्या नावाने पेढे वाटले गेले असते, हे सांगायला नको.

पण नापास होणे हे काही भांडवल नव्हे. १९९४ मध्ये पुण्याला राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरल्या होत्या. दुहेरीचा सामना चालू असताना गोपीचंदांची जोडीदाराशी टक्कर झाली आणि डाव्या गुडघ्यातला स्नायुबंध तुटला. वय वीस. बॅडमिंटनमध्ये गुडघा गेला म्हणजे गवयाचा आवाज गेला. शस्त्रक्रिया झाल्या, महिनेच्या महिने गेले, पुन्हा चालण्यापासून सुरुवात झाली. त्या महिन्यांत त्यांच्या घरात काय बोलणे होत असेल, याची कल्पना कोणाही आईबापांना करता येईल. पुढे १९९६ पासून २००० पर्यंत ओळीने पाच वर्षे ते राष्ट्रीय विजेते झाले. आणि ११ मार्च २००१ रोजी बर्मिंगहॅमला, उपान्त्य फेरीत डेन्मार्कच्या पीटर गेडला हरवून, अंतिम सामन्यात त्यांनी चीनच्या चेन हाँगला १५-१२, १५-६ असे नमवले. पदुकोणांनंतर एकवीस वर्षांनी ऑल इंग्लंडचा मान पुन्हा भारताकडे आला.

आता कमाईचे दिवस आले, असे तुम्ही म्हणाल. आलेच होते. एका शीतपेयाच्या कंपनीने जाहिरातीसाठी विचारले. जे पेय आपण पीत नाही आणि मुलांनी प्यावे असेही वाटत नाही, त्याची जाहिरात करायची नाही, म्हणून यांनी नकार दिला. पुढे हैदराबादेत अकादमी उभारायची ठरली. सरकारने जमीन दिली, पण इमारतीला पैसा हवा. तेव्हा यांनी राहते घर गहाण टाकले. अकादमी २००८ साली सुरू झाली. तिथे घडलेल्या साईना नेहवालने २०१२ साली लंडनला ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले, तर पी. व्ही. सिंधूने २०१६ साली रिओला रौप्यपदक.

असा माणूस "मुलांना घालू नका" म्हणतो, तेव्हा ते वैतागाचे बोलणे नसते. त्याने मुलांची झुंबड पाहिलेली असते आणि त्यांतली किती मागे राहतात, हेही पाहिलेले असते. त्यांच्या मते खेळात शिरलेल्या शंभरांत एकाचाही त्यावर चरितार्थ चालत नाही. खर्च मात्र शंभरांनाही चुकत नाही. फुलाला सोळा पिसे असतात. एक मोडले की फूल वाया. शिवाय बूट, शिकवणी, गावोगावच्या स्पर्धांचा प्रवास आणि मुलीसोबत जाणाऱ्या आईची बिनपगारी रजा. ज्या वयात डॉक्टर आपल्या दवाखान्याची पाटी लावतो, त्या वयात खेळाडूची बॅग माळ्यावर जाते. रेल्वे, बँका, तेलकंपन्या खेळाडूंना नोकरी देतात खऱ्या. पण वरपर्यंत पोचलेल्यांनाच, आणि खेळ संपल्यावर तिथेही मान टिकतोच असे नाही.

यावर कोणी म्हणेल, त्यांची स्वतःची मुलगी गायत्री खेळतेच ना? हो, खेळते. त्रिसा जॉलीबरोबर २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे ती ऑल इंग्लंडच्या दुहेरीत उपान्त्य फेरीपर्यंत गेली. पण तिची आई ऑलिंपिकला खेळून आलेली, वडील असे, मैदान घरचे. पाठबळ असेल तर जरूर खेळा, हेच तर ते सांगत आहेत. शिवाय त्यांनी घर गहाण टाकले ते तिशी उलटल्यावर, सारा हिशेब समजून. पंधरा वर्षांच्या लेकराच्या मनगटावर घराचे कर्ज ठेवणे ही निराळी गोष्ट.

मग वडिलांच्या प्रश्नाला उत्तर काय द्यायचे? आमच्या मते, क्वचित कोणाचे भरते. बाकीच्यांचे दुसऱ्या कशाने तरी भरावे लागेल, आणि त्याची तजवीज पंधराव्या वर्षीच करावी, तिसाव्या नव्हे. खेळू द्यावे, पण शाळा सोडवू नये. दर वर्षी मुलाला शेजारी बसवून, प्रशिक्षकांना विचारून, मोकळेपणाने हिशेब करावा : कुठवर आलो, किती खर्च झाला, पुढे जायचे का? आणि विसाव्या वर्षी त्याने रॅकेट ठेवली, तर "इतकी वर्षे वाया घालवलीस" हे वाक्य घरात कोणीही उच्चारू नये. पहाटे पाचला उठणारे, हरल्यावर समोरच्याचा हात हातात घेणारे मूल कुठल्याही कचेरीत कमी पडत नाही. सरकारने आणि मालकांनी अशा मागे राहिलेल्यांसाठी दारे उघडावीत, हे मागणे गोपीचंदांचेही आहे, आणि आपणही ते लावून धरले पाहिजे.

तोवर सज्जावरचे फूल काढून द्या. मुले खाली थांबली आहेत.