पावसाच्या नाल्याची वही ठेवा

पाऊस नसताना पावसाचा नाला रंगीत पाण्याने वाहत असेल, तर ते पाणी आले कोठून, हे विचारायला पदवी लागत नाही. कर्जतची उल्हास वसईच्या खाडीला मिळते, खालापूरची पाताळगंगा धरमतरच्या खाडीला. पण कारखान्यांची, महामार्गाची, शहराची घाण समुद्राला मिळण्याआधी आमच्या वस्त्यांच्या आणि कातकरी-ठाकूर वाड्यांच्या पाणवठ्यांवरून जाते. पहिल्या सरीत आवारातले तेल, राख, रसायन धुऊन निघते. त्या तासाला अधिकारी नाल्यावर नसतो. वस्तीतला माणूस असतो.

"आमची बाटली कोर्टात चालणार नाही," असे म्हणून कार्यकर्ते गप्प बसतात. हे अर्धेच खरे आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच नोटीस देऊन, दोन भाग करून, सीलबंद घ्यावा लागतो. पण त्याने कोठे आणि केव्हा यावे, हे आमची वही सांगू शकते. शिवाय ४९ वे कलम कोणाही नागरिकाला मंडळास ६० दिवसांची नोटीस देऊन फिर्याद करण्याचा अधिकार देते.

महाड याच जिल्ह्यातले. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. दाव्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला १७ मार्च १९३७ रोजी. मनाईची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे विरोधकांना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. हक्क रस्त्यावर मागितला गेला, पण कोर्टात प्रश्न पुराव्याचाच होता.

म्हणून वहीत लिहा: तारीख, वेळ, जागा, पाऊस होता की नव्हता, रंग, वास, फेस, मेलेले मासे. नाला नदीला मिळतो त्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे पाहा. फोटो काढा. ऐकीव काही लिहू नका. कारखान्याच्या आवारात शिरू नका, त्या पाण्यात उतरू नका. तक्रार त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या.

अडचण आम्हाला ठाऊक आहे. सही करणाऱ्याचा मुलगा त्याच कारखान्यात कंत्राटावर असतो. तेव्हा सही एकट्याने करू नये, वस्तीच्या कमिटीने आणि महिला मंडळाने मिळून करावी. पाणी भरणाऱ्या बायांना ते बिघडल्याचे सर्वांत आधी कळते. वही त्यांच्याच हाती असावी. एका माणसावर दबाव आणता येतो. पन्नास सह्यांच्या वहीवर तो आणणे सोपे नाही.