स्तनातली गाठ दुखत नाही, म्हणून थांबायचं का?

"दुखत नाहीये ना? मग काही नसेल." स्तनात गाठ हाताला लागली की अनेक घरांत पहिलं वाक्य हेच असतं. "दुधाची गाठ असेल", "पाळी आली की जाईल" ही पुढची वाक्यं. यातच आठवडे आणि कधीकधी महिने निघून जातात.

अडचण अशी, की दुखणं हा इथे भरवशाचा निकष नाही. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. उलट पाळीआधी दोन्ही स्तन जड होऊन दुखतात, ते बहुतांश वेळा हार्मोन्समधल्या बदलांमुळे.

भारतीय महिलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. 'ग्लोबोकॅन'च्या २०२२ च्या अंदाजानुसार देशात त्या वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार महिलांचा मृत्यू झाला.

गाठ म्हणजे कर्करोगच का?

नाही. स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात.

तरुण मुलींमध्ये फायब्रोॲडेनोमा जास्त आढळतो. ही गुळगुळीत, रबरासारखी गाठ असते आणि बोटाखाली इकडेतिकडे सरकते. पस्तिशीनंतर पाण्याने भरलेल्या गाठी, म्हणजे सिस्ट, होऊ शकतात. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध साचून किंवा जंतुसंसर्गामुळे गाठ येते.

पण कोणती गाठ कशाची आहे, हे हाताने चाचपून घरी ठरवता येत नाही. 'सरकते म्हणजे साधीच' असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

डॉक्टरकडे कधी जायचं?

पाळी सुरू असलेल्या वयात पाळीच्या आधी स्तनात गुठळ्या जाणवू शकतात. पाळी संपल्यावरही गाठ तशीच असेल, तर डॉक्टरांना दाखवा. पुढच्या बदलांमध्ये मात्र पाळीची वाट पाहू नका:

- टणक किंवा वाढत जाणारी गाठ, काखेतली गाठ
- त्वचेला खळी पडणं, किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणं
- स्तनाग्र नव्याने आत ओढलं जाणं, त्यातून रक्त किंवा आपोआप स्राव येणं
- स्तनाग्रावरची बरी न होणारी जखम किंवा खाज
- पाळी कायमची थांबल्यानंतर आलेली कोणतीही नवी गाठ
- स्तनपान करताना आलेली लाली किंवा गाठ उपचारांनीही न जाणं

आई, बहीण किंवा मावशीला हा आजार झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. घरात कोणालाच नाही म्हणून आपण सुरक्षित, असं मात्र समजू नका. स्तनाचा कर्करोग झालेल्या बहुतांश महिलांच्या कुटुंबात तो आधी कोणालाही झालेला नसतो. प्रमाण खूप कमी असलं, तरी पुरुषांनाही तो होतो.

तपासणीत काय होतं?

तीन टप्पे असतात. आधी डॉक्टर हाताने तपासतात. मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी होते. चाळिशीच्या आत सहसा सोनोग्राफी आधी करतात, कारण या वयात स्तनाच्या ऊती दाट असतात आणि मॅमोग्राफीत गाठ लपू शकते. शंका वाटली तर बायोप्सी, म्हणजे सुईने छोटा तुकडा काढून तपासणं.

'सुई टोचली की कर्करोग पसरतो' या भीतीने अनेक जणी इथेच थांबतात. या भीतीला आधार नाही. निदान पक्कं झाल्याशिवाय योग्य उपचार ठरवताच येत नाहीत. आणि निदान कर्करोगाचं झालं, तरी स्तन काढावाच लागतो असं नाही. गाठ लहान असताना अनेकदा स्तन वाचवून शस्त्रक्रिया करता येते.

लवकर कळल्याने खरंच फरक पडतो?

याचं एक उत्तर मुंबईतूनच आलं आहे. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक महिलांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या गटातल्या महिलांची स्तनतपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा झाली. ती डॉक्टरांनी केली नाही, तर प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसत्या हाताने केली.

वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये 'बीएमजे'मध्ये आले. तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के रुग्णांचा आजार तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडला होता, तपासणी झालेल्या गटात ३७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या महिलांमध्ये मृत्यूंचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी घटलं. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही. म्हणजे तपासणी ही जादूची कांडी नाही. पण महागडं यंत्र नसतानाही आजार आधी पकडता येतो, हे या अभ्यासाने दाखवलं.

मग आपण कुठे अडतोय?

तीस वर्षांवरील महिलांची स्तनतपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असं केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या फक्त ०.९ टक्के महिलांनी स्तनतपासणी कधी तरी झाल्याचं सांगितलं. शंभरात एकही पुरती नाही.

आशाताई तिशीवरच्यांसाठी जो आरोग्याचा फॉर्म भरून घेतात, त्यात स्तनातल्या गाठीबद्दल प्रश्न आहे. पण घरात चारचौघं बसलेली असताना त्याचं खरं उत्तर किती जणी देतील? लाज, खर्चाची भीती, 'पुरुष डॉक्टर असतील तर?' हा संकोच आणि 'आधी घरचं आवरू दे' ही सवय, सगळं इथे एकत्र येतं.

खर्चाचा प्रश्न मोठा असला, तरी सुरुवात सरकारी रुग्णालयात होऊ शकते. कर्करोगावरचे अनेक उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत येतात. महिला डॉक्टर किंवा सोबत नर्स हवी, असं सांगण्यात काही गैर नाही.

पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट आहे. पण ही मोजणी बाई दवाखान्यात पोहोचल्यावर सुरू होते. त्याआधी घरात गेलेले दिवस त्यात धरलेले नाहीत. म्हणून पुढच्या वेळी घरात कोणी "गाठ लागतेय" म्हणालं, तर "दुखतेय का?" विचारण्याऐवजी "कधी दाखवायला जायचं?" असं विचारा.