धक्का परदेशात बसतो की परत आल्यावर?

गेल्या महिन्यात कशेळीतल्या आपल्या वस्तीतला एक पोरगा नोकरीसाठी अमेरिकेला निघाला. बापाने वीस वर्षं गोदामात माल चढवला-उतरवला, त्याचं चीज झालं. विहारात निरोपाचा कार्यक्रम झाला. जो तो उठून सल्ला देत होता. थंडीचे कपडे घे, कुकर घे, मसाला घे आणि आपली संस्कृती विसरू नकोस!

शेवटचा सल्ला ऐकून मी विचारलं, कोणती संस्कृती?

परदेशात गेलेल्या माणसाला सांस्कृतिक धक्का बसतो, हे खरं आहे. भाषा कळते पण बोलण्याचा रोख कळत नाही. शेजारी महिनोन्‌महिने दार वाजवत नाही. एकटेपणा खायला उठतो, वर्णद्वेषही वाट्याला येतो. पण आपल्याकडे रडगाणं गायलं जातं ते वेगळ्याच धक्क्याचं. तिथे मोलकरीण परवडत नाही, संडास स्वतः धुवावा लागतो, साहेबाला नावाने हाक मारावी लागते! ज्यांचा संडास पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याने साफ केला, त्यांचा हा धक्का आहे. आपल्या पोराला बसणारा पहिला धक्का निराळा असतो: आडनाव ऐकून समोरच्या गोऱ्या माणसाचा चेहरा बदलत नाही.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला. परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदवलं आहे. १९१७ साली ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. ज्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर शिकले, त्यांच्याच संस्थानात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढलं. आणि न्यूयॉर्कमधला त्यांचा जिवलग मित्र नवल भथेना कोण होता? पारशीच! माणसं त्याच समाजाची होती, पण इथल्या व्यवस्थेने त्यांच्या हातात काठ्या दिल्या होत्या. बाबासाहेबांना खरा धक्का न्यूयॉर्कने दिला नाही, बडोद्याने दिला.

आज तर ही व्यवस्था पासपोर्ट काढून परदेशी पोहोचली आहे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराला जातिभेदावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. अमेरिकेत असं करणारं ते पहिलं शहर. कॅलिफोर्नियात विधिमंडळाने मंजूर केलेलं तसंच विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरने नाकारलं. त्याला जोरदार विरोध करणारे कोण होते? तिथल्याच हिंदू संघटना! म्हणजे आपल्या पोराला दुसरा धक्का बसेल तो आपल्याच देशबांधवांकडून. गप्पा मारता मारता कुणीतरी हळूच विचारेल, “पूर्ण नाव काय तुमचं?”

त्या पोराला माझं सांगणं एवढंच: मसाला जरूर ने. तिथल्या लोकांत मिसळ, त्यांची भाषा, त्यांचे कायदे शिक. तिथली आंबेडकरी माणसं शोध, एकटा पडू नकोस. आडनाव लपवणाऱ्याला मी दोष देत नाही, बडोद्यात बाबासाहेबांवरही तीच वेळ आली होती. पण लपवलेलं नाव माणसाला रोज धास्तीत ठेवतं, हेही त्याच प्रसंगातून शिक.

आणि मागे राहिलेल्या आपण काय करायचं? कशेळी-काल्हेरच्या गोदामांत उत्तर प्रदेश, बिहारची पोरं राबतात. इथली भाषा, इथलं जेवण त्यांनाही परकंच. त्यांना खोली भाड्याने देताना आपण कामधंदा विचारतो की जात-धर्म? परदेशात आपल्या लेकराला माणूस म्हणून वागवावं अशी अपेक्षा करणाऱ्याने आधी स्वतःच्या चाळीत तसं वागायला हवं.

पोरगा कधीतरी परत येईल. तेव्हा कशेळीत त्याला बडोदा भेटू नये, ही जबाबदारी आपली आहे.

जयभीम!