खेळातलं चित्र कोण ठरवतं?

मैत्रिणींनो, घरात पोरं गेम खेळायला बसली, की आपल्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. ‘डोळे जातील, अभ्यास बुडेल!’ ते खरंच आहे. पण एकदा त्यांच्या मागे उभं राहून तो पडदा नीट बघा. तिथला राजवाडा, संध्याकाळचा उजेड, त्या नायिकेचे कपडे, हे सगळं कुणीतरी विचार करून ठरवलेलं असतं. त्या माणसाला म्हणतात आर्ट डायरेक्टर, म्हणजे कला दिग्दर्शक.

‘लगान’चं गाव उभं करणारे नितीन चंद्रकांत देसाई आपल्याला माहीत आहेत. गेममध्ये लाकूड नाही, प्लॅस्टर नाही. सगळं संगणकावर घडतं. कुणी माणसं घडवतं, कुणी किल्ले, कुणी उजेड. हे सगळं एका हातचं वाटावं, हे बघणं कला दिग्दर्शकाचं काम. आपल्याकडे रुखवत दहा बायका करतात, पण ‘हा रंग इथे नको गं’ म्हणणारी एक जाणती बाई लागतेच ना? तसंच. शिवाय शत्रू कोण, वाट कुठे, हेही खेळणाऱ्याला न सांगता रंगावरून, उजेडावरून कळलं पाहिजे.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ नावाचा गेम आणला. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली राजी हातात त्रिशूळ घेऊन राक्षसांशी लढते. त्यातले महाल राजस्थानी वळणाचे, रंगांवर पहाडी चित्रांची छाप, आणि कथा सांगायला चक्क छायाबाहुल्या! या कंपनीच्या संस्थापकांमध्ये श्रुती घोष ही एक बाई आहे, हे मुद्दाम सांगते.

मुद्दाम अशासाठी, की पडद्यावरची बाई कशी दिसावी, हेही याच टेबलावर ठरतं. ‘टूम रेडर’ची लारा क्रॉफ्ट 1996 मध्ये आली ती तोकड्या चड्डीत, बेतलेल्या अंगाची. 2013 च्या नव्या गेममध्ये तीच लारा पूर्ण पँट घातलेली, चिखलाने माखलेली, जखमी पण जिद्दी दिसली. बाई तीच, ठरवणाऱ्यांची नजर बदलली. आपली मुलं तासन् तास ज्या बाया बघतात, त्या कुणाच्या नजरेतून आलेल्या असतात, याची काळजी आपण करायची नाही तर कुणी?

आणि आपण करतो काय? दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मुलीला एलिमेंटरी, इंटरमीजिएटला बसवतो. गुण पदरात पडले, की रंगपेटी माळ्यावर! ‘चित्रं काढून पोट भरतं का?’ हा प्रश्न ठरलेला. भरतं, बायांनो. मात्र कुणी एका दिवसात कला दिग्दर्शक होत नाही. आधी चित्रकलेचा पाया, मग संगणकावरचा हात, मग वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काम. फीसुद्धा चौकशी करूनच भरा. जाहिरातीला भुलू नका.

पण वहीच्या शेवटच्या पानावर चित्रं काढणाऱ्या लेकीला रागावण्याआधी ते पान एकदा बघा. उद्याच्या खेळातली बाई कशी दिसावी, हे ठरवणारी कदाचित तीच असेल.